खांदा किती पेलतो

पिकअप ट्रकच्या उघड्या दारात वाकून मी पिवळी पट्टी वाचत होते. पुढे सेल्समनने बॉनेट वर केलं होतं आणि तो माझ्या नवऱ्याला इंजिन दाखवत होता. "अठरा हजार पौंड आरामात ओढेल. तुमचा ट्रेलर तेरा हजारांचा, मग प्रश्नच नाही," हे त्याचं बोलणं कानावर येत होतं. मार्च महिना होता, इंडियानातला वारा अजून बोचत होता. पट्टीवरची एक ओळ मी तीनदा वाचली. माणसं आणि सामान मिळून वजन ९७१ किलो, म्हणजे २,१४० पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये. 'कधीही' हा शब्द तिथे छापलेला होता.

मी पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले आहेत. ताळेबंदातला मोठा आकडा पहिल्या पानावर असतो आणि खरी गोष्ट मागच्या टिपांमध्ये असते, हे आता अंगवळणी पडलं आहे. अठरा हजार हा पहिल्या पानावरचा आकडा होता, आणि दाराच्या चौकटीवरची पट्टी ही मागची टीप.

आम्ही दोघं कोलंबसला राहतो. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं. आमचं इंडियानातलं, लहानसं. नवरा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मुली आपापल्या घरी. वर्षातले सहा महिने रस्त्यावर राहायचं, हे आमचं फार जुनं ठरलेलं होतं. हॉटेलात उतरत फिरायचं नव्हतं. आपली चूल, आपला कुकर, आपली चादर बरोबर हवी होती. ट्रेलरसाठी लांब जावं लागत नाही, कारण उत्तरेला तीन-साडेतीन तासांवर एल्कहार्ट आहे आणि अमेरिकेतली बहुतेक चाकावरची घरं त्याच परिसरातल्या कारखान्यांत बनतात. तिथे या घरांचं एक संग्रहालयही आहे. १९१३ सालचा एक इवलासा लाकडी ट्रेलर तिथे ठेवलेला आहे. त्याच्यासमोर नवरा बराच वेळ उभा होता. शंभर वर्षांपूर्वीही कुणाला तरी घर बरोबर घेऊन निघावंसं वाटलं होतं, याचंच त्याला अप्रूप वाटत होतं.

तिथेच आम्ही फिफ्थ-व्हील पसंत केला. बत्तीस फुटी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा रस्ता दिसतो, आणि तीन पायऱ्या चढून वरच्या अंगाला झोपायची खोली. ही वर उचललेली खोली म्हणजेच फिफ्थ-व्हीलची ओळख. साधा ट्रेलर गाडीच्या मागे, बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. फिफ्थ-व्हीलचं नाक मात्र ट्रकच्या हौद्यावर येतं. त्या नाकाखाली दोन इंच जाडीची पोलादी पिन असते आणि ती हौद्यात, मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या जबड्यात जाऊन बसते. पाचवं चाक हे नाव घोडागाडीच्या काळातलं. चार चाकांच्या बग्गीला वळता यावं म्हणून पुढच्या आसावर एक आडवी गोल चकती असायची, तिला पाचवं चाक म्हणायचे. पुढे विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने १९२० च्या दशकाच्या शेवटी एरोकार नावाचा ट्रेलर काढला. त्याचं नाकही असंच मोटारीच्या मागच्या भागात टेकायचं आणि धक्के झेलायला त्या जोडात हवा भरलेलं टायर आडवं बसवलेलं असायचं. आकाशातल्या माणसाला जमिनीवरचे हादरे कमी करावेसे वाटले, हे मला फार आवडतं.

आता हे सगळं बंपरला लावण्यापेक्षा चांगलं का, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या आजोबांची बैलगाडी होती.

सातारा जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो. पोती भरताना आजोबा गडीमाणसांना सारखं सांगत, मागं टाकू नका, गाडी उलाळ होईल. दोन चाकांच्या गाडीत ओझं मागे गेलं की पुढचा दांडा वर उचलला जातो, जू बैलांच्या गळ्याला लागतं आणि चढावर तर गाडीच मागे कलंडते. ओझं जास्त पुढे आलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणजे थोडा भार खांद्यावर हवाच, पण किती, ते जनावर बघून ठरवायचं. गाडी सोडली की आजोबा आधी पाणी पीत नसत. दोन्ही बैलांच्या खांद्यावरून तळहात फिरवत, कातडी गरम लागते का, सोलवटली आहे का ते बघत. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला हळद आणि लोणी चोळायची ती जागाही हीच.

ट्रेलरचं गणित अक्षरशः हेच आहे. बंपरच्या गोळ्यावर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो. फिफ्थ-व्हीलमध्ये साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भार पिनेवर येतो. हा भार चाकांच्या मागे लोंबकळत नाही, चाकांवर बसतो, म्हणून गाडी स्थिर राहते. शेजारून मोठा ट्रक भरधाव गेला तरी डुलणं फार कमी. पण किंमत एकच आहे: ते वजन ट्रकच्या पाठीवर येतं. ओढायचं वजन वेगळं आणि पाठीवर घ्यायचं वजन वेगळं. जाहिरातीत पहिलं असतं, पट्टीवर दुसरं.

त्या दिवशी यार्डातच मी पर्समधून वही काढली.

ट्रेलर बनवणारे जे वजन छापतात ते रिकाम्या घराचं असतं. आमच्या पत्रकात १०,१५० पौंड आणि पिनेवर १,८५० असं लिहिलेलं होतं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटऱ्या नाहीत, डबे नाहीत, पांघरुणं नाहीत. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंडांहून थोडं जास्त. साठ गॅलनांची टाकी भरली की पाचशे पौंड. रिकाम्या घरात कुणी राहत नाही, म्हणून मी पत्रकातला आकडा खोडला आणि ट्रेलरवरच्या शिक्क्यातली कमाल मर्यादा घेतली, १३,०००. त्याचे बावीस टक्के, म्हणजे २,८६० पौंड पिनेवर येऊ शकतात. आता ट्रकची बाजू. २,१४० मधून आम्ही दोघं ३१०, हौद्यात बसवायचा तो जबडा, म्हणजे हिच, १७०, जॅक, पाना, पाण्याच्या नळ्या, खुर्च्या असं किरकोळ १००. उरले १,५६०. हवे होते २,८६०. तेराशे पौंड, जवळजवळ सहाशे किलो कमी पडत होते, आणि समोरचा माणूस प्रश्नच नाही म्हणत होता.

तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. ओढण्याचा आकडा खरा असतो. अमेरिकेत तो काढायची ठरलेली पद्धत आहे, तिला एसएई जे२८०७ म्हणतात. ॲरिझोनात बुलहेड सिटीहून युनियन पासकडे चढणारा रस्ता आहे, डेव्हिस डॅम ग्रेड. अकरा-साडेअकरा मैलांची ही चढण शंभर अंश फॅरनहाइटच्या वरच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट चढायची. एकेरी चाकांच्या मोठ्या पिकअपला ताशी चाळीस मैलांच्या खाली यायची मुभा नाही. शिवाय बारा टक्के चढावर थांबून पुन्हा निघून दाखवायचं. ही परीक्षा चोख आहे, आणि ती नव्हती तेव्हा जो तो आपापला आकडा छापायचा, हेही खरं. पण ती मुख्यतः इंजिन, गिअरबॉक्स आणि थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची परीक्षा. आमच्या हौद्यावर आमचं घर टेकल्यावर मागच्या टायरांवर किती येईल, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. ते उत्तर दारातल्या पट्टीवर होतं आणि मला ती दाखवायची कुणाला गरज वाटली नव्हती. चाकाखाली माणसं असतात. त्यामुळे या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

पण त्या ट्रकवरून माझा जीव निघत नव्हता. त्याचं कारण बॉनेटखाली होतं.

माझे बाबा पुण्यात कोथरूडला राहतात, सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली, बाबा तिथे १९६७ मध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत इंजिनांच्या चाचणी विभागात राहिले. इंजिन डायनॅमोमीटरला जोडायचं, भार वाढवत न्यायचा, आकडे लिहायचे. घरी यायचे तेव्हा कपड्यांना डिझेलचा वास आणि बोलणं जरा मोठ्याने, कारण कानात अजून इंजिन चालू असायचं. कोथरूड तेव्हा गावाबाहेर होतं. मूळ कंपनी ज्या गावात १९१९ साली निघाली ते हे आमचं कोलंबस. बाबांच्या तोंडी या गावाचं नाव मी शाळेत असताना ऐकलं होतं. लग्नानंतर नशिबाने मी त्याच गावात येऊन पडले. आणि या गावाचं डिझेल इंजिन १९८९ सालापासून डॉजच्या पिकअपमध्ये, म्हणजे आताच्या रॅममध्ये बसतं. सहा सिलिंडर एका रांगेत. त्या यार्डात बॉनेटखाली तेच होतं. सेल्समनने चावी फिरवली तेव्हा जो आवाज आला तो मला ओळखीचा वाटला, छातीत कुठेतरी.

त्या रात्री मी एक गोष्ट केली जी नोकरीत कधी केली नव्हती. मी आकड्यांना विनवायला बसले. पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघू. पुस्तकं नकोत. लोखंडी तवा आणि पितळी पातेली घरी राहू दे. बावीस टक्क्यांऐवजी अठरा धरू. पानाच्या खाली उत्तर जवळ आणायला मी वरचे आकडे खरवडत होते. नवरा मागे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "अगं, कमाल मात्रा म्हणजे रोज घ्यायची मात्रा नव्हे. आणि आपण तर कमाल मात्रेच्याही वर चाललोय." आयुष्यभर गोळ्या मोजलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. ट्रकचं सांगितल्यावर पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला, "इंजिन कुणाचं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. मग मी पट्टीवरचा आकडा सांगितला, पिनेचा सांगितला. बाबा गप्प झाले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "इंजिन ओढतं गं. पेलतात ते पाटे. पाटे बघितलेस का खाली वाकून?"

पाटे म्हणजे मागच्या एक्सलवरच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. नव्हते बघितले. मी दार बघितलं, नवऱ्याने बॉनेट बघितलं, आणि मागच्या चाकाच्या आत कुणीच वाकलं नव्हतं. त्या दिवशी पुन्हा गेलो. तो ट्रक रॅम २५०० होता, ज्याला इथे अजूनही थ्री-क्वार्टर टन म्हणतात. (ही अर्धा टन, पाऊण टन, एक टनाची भाषा फार जुनी आहे, आता त्या नावांचा आणि खऱ्या क्षमतेचा काही संबंध उरलेला नाही.) त्याच्या मागे पाटे नव्हतेच, कॉइल स्प्रिंगा होत्या. २०१४ पासून रॅमच्या २५०० ला मागे त्याच असतात. रिकाम्या गाडीत बसायला फार सुखाच्या. शिवाय या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांची एकूण वजनाची मर्यादा दहा हजार पौंडांवर थांबवलेली असते, कारण तिथे कायद्याचा एक वर्ग संपतो. आता डिझेल इंजिन हे पेट्रोलच्या इंजिनापेक्षा शेकडो पौंड जड. एकूण मर्यादा दहा हजारच ठेवायची आणि त्यात जड इंजिन घालायचं, म्हणजे तेवढं वजन माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातून जातं. ज्या इंजिनाने ओढायची ताकद वाढते तेच पेलायची जागा खातं. हे एकदा कळल्यावर माझा त्या पट्टीवरचा राग गेला.

मग खऱ्या अर्थाने निवड सुरू झाली. तिला दोन महिने लागले.

हाफ-टनवर आम्ही अर्धा दिवसही घालवला नाही. त्या गाड्या चांगल्या आहेत, पण हलक्या ट्रेलरसाठी. या वजनाच्या फिफ्थ-व्हीलला त्यांचा विचारच करू नये, दुकानात कुणी काहीही सांगो.

पेट्रोलच्या वन-टनवर मात्र बराच विचार केला. फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ साधं आहे, स्वस्त आहे, हलकं असल्यामुळे पेलायला जास्त जागा सोडतं. डिझेलमागे लागणारी, धूर स्वच्छ करणाऱ्या डीईएफ नावाच्या द्रवाची टाकी नाही, महागडे फिल्टर नाहीत. वर्षातून दोन-तीनदाच निघणाऱ्याने तेच घ्यावं, असं माझं आजही मत आहे. पण आम्हाला कोलोरॅडोला जायचं होतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीवर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. दहा-अकरा हजार फुटांवर जवळजवळ एक-तृतीयांश ताकद हवेतच विरते. टर्बो ती हवा दाबून भरतो. आणि दुसरं, चढण्यापेक्षा मोठं कारण उतरण्याचं होतं.

उतार मी खंबाटकीत शिकले. गावी जाताना एसटी घाट चढायची तेव्हा गाड्या बॉनेट उघडून वाफ सोडत कडेला उभ्या असायच्या, आणि चढण हीच मोठी गोष्ट आहे असं आम्हा मुलांना वाटायचं. बाबा म्हणायचे, चढताना गाडी फार तर थांबते, उतरताना ती थांबत नाही. घाटातल्या पाट्या उतारावर न्यूट्रल करू नका असं सांगत, ते यासाठीच. गिअरमध्ये असेल तर इंजिन गाडीला धरून ठेवतं. डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. एक बटण दाबलं की टर्बो धुराची वाट आवळतो, इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढू लागतं आणि पायातला ब्रेक थंड राहतो. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, त्यांचं नियंत्रण ड्रायव्हरच्या हाताशी. तरीही सात टक्के उतार आठ मैल असेल, तर पायाच्या ब्रेकवर अख्ख्या उताराची भिस्त ठेवणारा माणूस खाली पोचेपर्यंत नशिबावर चाललेला असतो.

शेजारी एक आजोबा आहेत, चाळीस वर्षं मोठे ट्रक चालवले त्यांनी. त्यांचा आग्रह ड्युअलीचा, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या ट्रकचा. एक टायर फुटला तरी दुसरा उभा असतो, हे त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. आमचा ट्रेलर पंधरा-सोळा हजारांचा असता तर मी ऐकलं असतं. पण जोडचाकांचा ट्रक आठ फुटांपर्यंत रुंद होतो. गावातल्या गल्ल्या, बँकेची खिडकी, किराण्याच्या दुकानासमोरची जागा, सगळीकडे अडतो. आणि हा ट्रक आम्हाला भाजी आणायलाही वापरायचा होता. आजोबांचा दुसरा सल्ला मात्र मी जसाच्या तसा घेतला: हौदा आठ फुटांचा घ्या. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये तीव्र वळण घेताना ट्रेलरच्या नाकाचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. त्यावर सरकती हिच मिळते, पण ती जड असते, आणि जिथे एकेक पौंड मोजतोय तिथे ती कशाला?

शेवटी मे महिन्यात एक वापरलेला ट्रक मिळाला. २०१९ चा रॅम ३५००, म्हणजे वन-टन, मागे एकेरी चाकं, आठ फुटी हौदा. मी आधी मागच्या चाकाशी गुडघे टेकले. पाटे होते. जाड, एकावर एक. बाहेरून हा ट्रक आणि मार्चमधला तो २५०० शेजारी उभे केले तर सहज फरक ओळखू येणार नाही. आत इंजिन तेच. पण दारावरच्या पट्टीवर एकूण मर्यादा १२,३०० पौंड, आणि मागच्या एक्सलची ७,०००. चावी फिरवून मी फोन इंजिनाजवळ धरला. पुण्यात रात्रीचे साडेदहा झाले होते, बाबा जागे होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आयडलिंग छान आहे," म्हणाले.

जोडणी करायला शिकणं हे एक वेगळंच काम आहे. मागे घेत जायचं, जबडा आणि पिन एका उंचीवर आणायची, टक्क आवाज आला की हँडल बंद झालंय का बघायचं, विजेची तार लावायची, ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून असलेली बारीक केबल अडकवायची. आणि ट्रेलरचे टेकू पूर्ण उचलण्याआधी ब्रेक धरून ट्रक हलकासा पुढे ओढून बघायचा. ही शेवटची पायरी आम्हाला उगाचच वाटली होती. तिसऱ्या सरावाला आवाज आला होता, हँडलही बसल्यासारखं दिसत होतं. ओढून बघितलं आणि पिन जबड्यातून सरळ बाहेर आली. टेकू जमिनीवर होते म्हणून घर जागच्या जागी उभं राहिलं. ते उचललेले असते तर ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडेवर आदळलं असतं. जबडा पिनेच्या खाली नुसता टेकला होता, मिटलाच नव्हता. दोघांचेही हात थरथरत होते. तेव्हापासून एक जण जोडतो आणि दुसरा टॉर्च घेऊन जबड्यात बघतो, आणि बघणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही.

ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरून आम्ही काट्यावर गेलो. इथे महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, कुणालाही पैसे देऊन गाडी तोलता येते. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढवावी तसं चढवायचं, फरक इतकाच की इथे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. आधी नुसता ट्रक, आम्ही दोघं आत, टाकी भरलेली, हिच आणि सामानासकट: ८,४६० पौंड. मग ट्रेलर जोडून पुन्हा. पुढचा एक्सल ४,९२०, मागचा ६,२८०, ट्रेलरची चाकं ९,७४०. चिठ्ठी हातात घेऊन मी तिथेच पार्किंगमध्ये वजाबाकी केली. ट्रक एकूण ११,२००, म्हणजे पिनेवर आले २,७४०. पत्रकातल्या आकड्यापेक्षा ८९० जास्त, माझ्या वहीतल्यापेक्षा १२० कमी. मर्यादेला अजून अकराशे शिल्लक, मागच्या एक्सलला सातशे वीस. ट्रेलर एकूण १२,४८०. पितळी पातेली आत होती, पुस्तकं होती, टाकीत पाणी होतं. काहीही लपवलेलं नव्हतं आणि हिशेब जुळत होता. मी चिठ्ठीचा फोटो बाबांना पाठवला. उलट एकच ओळ आली: टायरात हवा किती ठेवली आहेस?

मिसुरी आणि कॅन्सस हे दोन दिवस सपाटीचे. डेन्व्हरच्या पुढे आय-७० वर डोंगर अंगावर येतो. जॉर्जटाऊन मागे पडलं तेव्हा मी गाडी चालवत होते. ट्रक धावत नव्हता, पण थकतही नव्हता. उजव्या लेनमध्ये एका लयीत चढत राहिला. पाण्याच्या तापमानाचा काटा थोडा सरकला आणि तिथेच थांबला. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर रस्ता सिल्व्हरथॉर्नपर्यंत खालीच जातो, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेती भरलेल्या चढत्या वाटा काढून ठेवलेल्या दिसतात. त्या बघितल्यावर घशाला कोरड पडली. बोगद्याच्या तोंडाशीच मी वेग कमी केला, गिअर खाली घेतला, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. मागून घरंगळणारं वजन ट्रकच्या पाठीत आलेलं जाणवलं आणि मग इंजिनाने एक लांब, खालच्या पट्टीतला हुंकार देऊन ते धरून ठेवलं. नवरा काही बोलला नाही. त्याने दाराच्या वरची मूठ धरली होती, ती मधेच कधीतरी सोडली. मी मधून मधून ब्रेक थोडा दाबत होते आणि लगेच पाय उचलत होते. मागचे लोक ओलांडून जात होते, त्यांना जाऊ दिलं.

खाली आल्यावर एका मोठ्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली आणि उतरले. पाय अजून कापत होते. एकेका चाकाजवळ हात नेला. ट्रकची पुढची दोन, मागची दोन, मग ट्रेलरची चार. जळका वास कुठेच नव्हता. तळहात हबवर टेकवला, तो टेकवून ठेवता येत होता. सगळी चाकं कोमट होती. डाव्या बाजूच्या शेवटच्या चाकाशी मी जरा जास्त वेळ बसले.

ट्रेलरचं दार उघडून नवऱ्याने विचारलं, "चहा टाकू?"

"आलं घालून," मी म्हटलं.